अभियांत्रिकीतून नोकरीत येताना : कामाच्या ठिकाणच्या संवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांबरोबर अनेक वर्षे काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर आले, ते येथे एकत्र केले आहेत. शाखा कोणतीही असो, यंत्र, स्थापत्य, विद्युत किंवा संगणक, अडचणी बहुतेक सारख्याच असतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे आत्ताच वाचले तर पहिले सहा महिने बरेच सोपे जातील.

कॉलेजातले लिहिणे-बोलणे आणि कामावरचे लिहिणे-बोलणे यांत नेमका फरक काय?

जर्नल तपासणाऱ्या किंवा व्हायवा घेणाऱ्या प्राध्यापकांना उत्तर आधीच ठाऊक असते. विद्यार्थ्याला ते कळले आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असते. त्यामुळे उद्देश, सिद्धान्त, उपकरणे, कृती, निरीक्षणे अशा पायऱ्या चढत जाऊन निष्कर्ष शेवटी लिहिणे तेथे योग्यच ठरते. कामाच्या ठिकाणी मात्र वाचणाऱ्याला उत्तर माहीत नसते. ते तुमच्याकडूनच मिळणार असते आणि ते मिळाल्यावर त्याला काहीतरी ठरवायचे असते. भाग बदलायचा की नाही, चाचणी चालू ठेवायची की थांबवायची, ग्राहकाला कोणती तारीख द्यायची, हे निर्णय तुमच्या दोन ओळींवर अवलंबून असतात. म्हणून काय आढळले ते आधी, समोरच्याकडून काय हवे ते त्यानंतर आणि कारणे व तपशील शेवटी, असा क्रम येथे लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणात हाडीमाशी खिळलेला क्रम उलटा करणे सोपे नाही. नवे अभियंते अडखळतात ते व्याकरणापेक्षा याच ठिकाणी अधिक, असे माझे निरीक्षण आहे.

तांत्रिक काम चोख असेल तर संवादाकडे एवढे लक्ष देण्याची खरोखर गरज आहे का?

आहे. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी १९८९ मध्ये झालेल्या वॉशिंग्टन करारात पदवीधराकडून अपेक्षित गुणांची जी यादी आज वापरली जाते, तिच्यात संवाद हा स्वतंत्र गुण म्हणून नोंदलेला आहे आणि तो डिझाइन व विश्लेषण यांच्याच पंक्तीत बसतो. अचूक गणित ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवे त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. त्याची उदाहरणे पुढे येतील.

कामाचा ई-मेल कसा लिहावा?

एका नवीन सहकाऱ्याने पाठवलेल्या ई-मेलचा विषय होता ‘टेस्टबाबत’. मजकुराची सुरुवात अशी होती : ‘आज सकाळी आम्ही पंपाची चाचणी सुरू केली. सुरुवातीला सर्व सुरळीत होते. त्यानंतर काही अडचणी जाणवल्या…’ आणि शेवट होता, ‘तरी कृपया योग्य ते मार्गदर्शन करावे.’ या ई-मेलमध्ये नम्रता पुरेपूर होती, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नव्हते. आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा लिहिला. नवा विषय असा झाला : ‘पंप ३ : कंपन मर्यादेबाहेर, चाचणी थांबवली, आज ४ वाजेपर्यंत निर्णय हवा’. आणि मजकूर असा :

‘पंप ३ ची चाचणी सकाळी ११:२० ला थांबवली आहे. मोटरकडील बेअरिंगवर कंपन ७.८ मिमी प्रति सेकंद भरले. आपली मर्यादा ४.५ आहे. कपलिंगचे अलाइनमेंट तपासले, ते ठीक आहे. बेअरिंग उघडून पाहायचे तर दोन तास लागतील आणि आजची रवानगी चुकेल. उघडू का, हे ४ वाजेपर्यंत कळवावे. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे.’

यात कोणताही अवघड शब्द नाही. काय घडले, किती घडले, काय तपासून झाले, पर्यायाची किंमत काय आणि उत्तर केव्हा हवे, एवढेच आहे. ‘मार्गदर्शन करावे’ हा आपल्याकडचा सवयीचा शेवट नम्र वाटतो, परंतु तो प्रश्न तयार करण्याचे काम वाचणाऱ्यावर टाकतो. ‘उघडू का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यावे लागते, आणि तेवढे उत्तर कामात गढलेला माणूसही लगेच देतो.

रोजच्या बोलण्यातले कोणते शब्द कामावर घोटाळा करतात?

या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहीत आहे, कारण हे शब्द इतके घरचे आहेत की त्यांच्याकडे आपले लक्षच जात नाही.

पहिला शब्द ‘झाले’. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी फोनवर ‘लीक टेस्ट झाली’ असे सांगितले. चाचणी घेऊन झाली होती आणि तिच्यात दोन जोडांतून गळती सापडली होती, हे मी पुढच्या वाक्यात सांगणार होतो. पलीकडच्या माणसाने ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला आणि पाइपवर इन्सुलेशन चढवायला सुरुवात केली. संध्याकाळी ते सगळे उतरवावे लागले आणि दोन माणसांची दिवसभराची मेहनत वाया गेली. तेव्हापासून ‘चाचणी घेतली, नापास’ किंवा ‘चाचणी घेतली, पास’ असेच मी बोलतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘फीचर झाले’ याचेही तसेच आहे. कोड लिहून झाला, तपासून झाला, की वापरकर्त्याच्या हाती पडला, हे त्या एका शब्दातून कळत नाही.

दुसरा शब्द ‘परवा’. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. समोरासमोर बोलताना क्रियापदावरून अर्थ लागतो, पण तुटक चॅटमध्ये, ‘परवा डिलिव्हरी’ एवढेच लिहिले की लागत नाही. तारीख लिहावी, आणि तीही महिना अक्षरांत लिहून, कारण ०४/०५ ही काही देशांत ४ मे असते आणि काही देशांत ५ एप्रिल.

तिसरा शब्द ‘आपण’. ‘आपण हे ड्रॉइंग सुधारून घेऊ’ यातील आपण म्हणजे मी, तुम्ही की आणखी कोणी? मीटिंगमधून चार जण बाहेर पडतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा करणार आहे. ‘कार्यवाही करण्यात येईल’ हा प्रयोगही तसाच; वाक्यात करणारा कोणीच नाही. नाव आणि तारीख घातली की वाक्य ओबडधोबड वाटेल, पण काम होईल.

आणि ‘बघतो’. ‘बघतो’ म्हणजे करतो, विचार करतो, की सौम्य शब्दांत नाही, हे ऐकणारा आपापल्या सोयीने ठरवतो.

तांत्रिक दस्तऐवजांत ही शिस्त पूर्वीपासून पाळली जाते. इंटरनेटची मानके लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या साध्या इंग्रजी शब्दांचे अर्थ पक्के करून टाकले, म्हणजे कोणती अट बंधनकारक आहे आणि कोणती ऐच्छिक, यावर वाद उरू नये. आपल्या टीमपुरते ‘झाले’चे असे अर्थ ठरवून घ्यायला कोणाचीही हरकत नसते.

माझे इंग्रजी कच्चे आहे. माझे कसे होणार?

कामासाठी लागणारे इंग्रजी हे वाङ्मयीन इंग्रजीपेक्षा बरेच लहान असते. छोटी वाक्ये, साधा वर्तमानकाळ व भूतकाळ आणि आपल्या क्षेत्रातील तीन-चारशे शब्द नीट येत असतील तर अहवाल लिहिता येतो. मराठीत लांब वाक्य रचून त्याचे भाषांतर करण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यात क्रियापद हरवते. काही सवयी मुद्दाम तपासाव्यात. आपण ‘डाउट’ हा शब्द ‘प्रश्न’ या अर्थाने सर्रास वापरतो, परंतु इतर देशांतील सहकाऱ्याला तो ‘मला विश्वास वाटत नाही’ असा ऐकू येतो. ‘डू द नीडफुल’ हे तर ‘योग्य ते मार्गदर्शन करावे’ याचेच भावंड आहे. उच्चारांची लाज बाळगण्याचे काही कारण नाही. मात्र आकडे सावकाश सांगावेत, कारण फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गफलत होते. म्हणून ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असे सुटे अंक उच्चारण्याची सवय चांगली.

सूचना नीट कळली नाही, पण पुन्हा विचारले तर अज्ञान उघडे पडेल अशी भीती वाटते. काय करावे?

‘कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणण्याऐवजी, जेवढे कळले तेवढे स्वतःच्या शब्दांत परत सांगावे : ‘म्हणजे मी आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, प्रेशर शून्यावर आले की मगच बोल्ट सैल करायचे, बरोबर?’ चुकले असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो आणि बरोबर असेल तर त्याचीही खात्री पटते. वैमानिक नियंत्रण कक्षाकडून आलेली महत्त्वाची सूचना नेमकी याच पद्धतीने परत वाचून दाखवतात. नुसते ‘ओके’ तेथे चालत नाही. आपल्याकडे बोलताना ‘हो, हो’ म्हणण्याची रीत आहे. त्याचा खरा अर्थ ‘मी ऐकतो आहे’ एवढाच असतो, पण सांगणारा तो ‘मला समजले’ असा घेतो.

अडलेल्या कामावर किती वेळ एकट्याने झगडावे?

ठरावीक आकडा नाही, पण साधारण अर्धा दिवस काहीच पुढे सरकले नाही तर विचारावे. विचारताना काय साधायचे होते, काय करून पाहिले आणि नेमका कोणता एरर किंवा कोणते मोजमाप आले, हे तिन्ही सोबत न्यावे. एररचा मजकूर आठवणीतून सांगू नये, जसाच्या तसा दाखवावा.

माझ्या हातून चूक झाली आहे. ती कशी सांगू?

लवकर, आणि स्वतःहून. चूक सांगण्याचे वाक्य मनात जुळवत बसण्यात जे तास जातात, त्याच तासांत तिचे नुकसान वाढत असते. ‘काल रात्री ९ वाजता मी चुकीच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली. दोन टेबलांतील नोंदी पुसल्या गेल्या आहेत. रविवारचा बॅकअप उपलब्ध आहे. त्यानंतरच्या नोंदी परत आणता येतील का, ते तपासत आहे. तासाभरात पुन्हा कळवतो.’ या पाच वाक्यांत सबब नाही आणि आत्मनिंदाही नाही. दिलगिरी जरूर व्यक्त करावी, पण एका वाक्यात. दिलगिरीच लांबली तर ऐकणाऱ्याला आधी तुमची समजूत काढावी लागते आणि बिघाड बाजूला राहतो. चूक कळवणाऱ्या नवख्या माणसावर वरिष्ठ ओरडले तर पुढची चूक त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते, हे वरिष्ठांनीही ध्यानात ठेवायला हवे. ती जबाबदारी तुमची नाही, परंतु तुम्ही वरिष्ठ व्हाल तेव्हा ती तुमचीच असेल.

वरिष्ठांचा निर्णय चुकीचा वाटतो. मी नवीन आहे. बोलावे का?

बोलावे, आणि शंका प्रश्नात गुंडाळून ठेवू नये. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरील बोलण्यावरून शंका आली होती. दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारलेही. अत्यंत अनुभवी असलेल्या कॅप्टनने ठामपणे ‘झाले’ या अर्थाचे उत्तर दिले आणि विमान धावत राहिले. शंका खरी होती, तिचा उच्चारही झाला होता. पण ती अशा रूपात पुढे आली की एका शब्दाने बाजूला सारता आली. पुढे विमानसेवेत कनिष्ठांनी स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठांनी ते ऐकून घ्यावे याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा आहे.

म्हणून ‘सर, हे चालेल ना?’ असे विचारू नये. काय दिसते आहे, त्यामुळे काय होऊ शकते आणि तुम्ही काय सुचवता, हे सांगावे : ‘सर, या बीमच्या गणितात पाण्याच्या टाकीचे वजन धरलेले दिसत नाही. ते धरले तर बीमचा बाक मर्यादेपलीकडे जाईल असे मला वाटते. कास्टिंगच्या आधी एकदा तपासू या.’ आदर ‘सर’ म्हणण्यात आणि आवाजात असतो. त्यासाठी मुद्दा पातळ करावा लागत नाही. ऐकले गेले नाही आणि प्रश्न सुरक्षिततेचा असेल, तर तेच लेखी द्यावे. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असेल, तर एकदा सांगून सोडून द्यावे. हा फरक ओळखता येणे हाही व्यवसायाचाच भाग आहे.

स्लाइड्स कशा कराव्यात?

प्रत्येक स्लाइडच्या मथळ्यात विषय न लिहिता तिचे म्हणणे लिहावे, आणि ते म्हणणे खालच्या मजकुराशी जुळते का ते पाहावे. १ फेब्रुवारी २००३ रोजी नासाचे कोलंबिया हे अंतराळयान नष्ट झाले, त्यापूर्वी, उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटून यानावर आदळलेल्या फोमच्या आघाताबद्दल अभियंत्यांनी सादर केलेल्या एका स्लाइडवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्वतंत्र टिप्पणी केली आहे. तिचा मथळा दिलासा देणारा होता. प्रत्यक्ष आघात हा चाचण्यांमध्ये तपासलेल्या आघातांपेक्षा कितीतरी मोठा होता, ही खरी बातमी सर्वांत खालच्या पायरीवरच्या बारीक ओळीत होती : चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता, तर यानावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १९२० घन इंच होता. हे दोन आकडे मथळ्यात असते तर पाहणाऱ्याची नजर त्यांवरून घसरली नसती. अप्रिय आकडा वर आणण्याचे धैर्य अक्षरांच्या आकारात आणि स्थानात दिसते.

आकडे आणि एकके लिहिताना काय पाळावे?

एककाशिवाय आकडा लिहू नये, ही शिकवण पहिल्या वर्षापासून मिळते आणि नोकरीत पहिल्या आठवड्यात विसरली जाते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावले गेले, कारण जमिनीवरील एक संगणकप्रणाली आवेग पाउंड-फोर्स-सेकंदांत देत होती आणि पुढील गणित तो न्यूटन-सेकंदांत धरत होते. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. हा भाग सर्वांना माहीत असतो. चौकशी अहवालातील दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो : आकड्यांत काहीतरी जुळत नाही हे मोहिमेत काहींच्या लक्षात आले होते, त्यावर ई-मेलही झाले, परंतु समस्या नोंदवण्याची जी ठरलेली पद्धत होती तिच्यात ती बाब रीतसर गेली नाही आणि निसटली. तुमच्या कामाच्या ठिकाणी अडचणी नोंदवण्याची प्रणाली असेल, तर ‘मी मेल केला होता’ यावर समाधान मानू नये.

फोनवर ठरलेली गोष्ट पुन्हा लिहून पाठवणे अविश्वासाचे वाटत नाही का?

सुरुवातीला संकोच वाटतो, हे खरे. पण १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतील एका हॉटेलात दोन झुलते पादचारी मार्ग कोसळून ११४ जणांचा बळी गेला, ती घटना आठवावी. मूळ आराखड्यात दोन्ही मार्ग छतापासून आलेल्या एकाच सलग सळीवर टांगायचे होते. उभारणीच्या सोयीसाठी एका सळीच्या दोन केल्या गेल्या आणि त्यामुळे वरच्या मार्गाच्या जोडावर दुप्पट भार आला. हा बदल फोनवरून मंजूर करून घेतला होता की नाही, याबद्दल पोलादी भाग बनवणाऱ्यांचे आणि अभियंत्यांचे म्हणणे परस्परविरोधी निघाले. ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे एम १६ ऐवजी एम २० बोल्ट वापरत आहोत, काही वेगळे असल्यास आजच कळवावे’ एवढी एक ओळ पुरते. ती दोघांनाही सांभाळते.

अनुभवी तंत्रज्ञ आणि ऑपरेटर यांच्याशी कसे बोलावे?

ज्याने तेच यंत्र वीस वर्षे चालवले आहे त्याला ‘काका, हा आवाज तुम्हाला कधीपासून ऐकू येतोय?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. त्याचे उत्तर पुस्तकातील शब्दांत येणार नाही; ‘गिअरबॉक्स रडतोय’ असे येईल. ते तसेच वहीत टिपावे आणि नंतर मोजून पाहावे. मोजणीतून काय निघाले हे परत जाऊन त्याला सांगावे. बहुतेक जण हे शेवटचे काम करत नाहीत, आणि मग पुढच्या वेळी त्यांना कोणी काही सांगत नाही.

मीटिंगमध्ये मला बोलायला सुचतच नाही.

विषयपत्रिका आधी मिळवून एकच मुद्दा कागदावर लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत मांडावा. वेळ जाईल तसे बोलणे अवघड होते. तेही जमत नसेल तर मीटिंगची टिपणे घेण्याचे काम मागून घ्यावे. टिपणे घेणाऱ्याला ‘हे कोण करणार, कधीपर्यंत?’ असे विचारण्याचा हक्क आपोआप मिळतो.

एआयकडून ई-मेल आणि अहवाल लिहून घेतले तर चालेल का?

भाषा तपासून घेण्यासाठी जरूर वापरावे. गोपनीय माहितीबाबत संस्थेचे नियम मात्र आधी पाहावेत. पंप का थांबवला हे त्या साधनाला माहीत नसते, त्यामुळे मुद्दे तुमचेच हवेत. आणि जे वाक्य तुम्हाला तोंडी समजावून सांगता येणार नाही, ते तुमच्या नावाने पाठवू नये.

शिकत असतानाच सराव कसा करावा?

प्रोजेक्टच्या ग्रुपवर दर आठवड्याला पाच ओळींचा प्रगती अहवाल लिहावा : काय पूर्ण झाले, काय अडले, कोणाकडून काय हवे, पुढच्या आठवड्यात काय, आणि कोणती तारीख धोक्यात आहे. जर्नलमधील एक प्रयोग घेऊन त्याचा निष्कर्ष पहिल्या वाक्यात आणून तो अर्ध्या पानात पुन्हा लिहावा. मग ते अर्धे पान दुसऱ्या शाखेच्या मित्राला वाचायला द्यावे आणि पान बाजूला ठेवून त्याला काय कळले ते सांगायला लावावे. तो जेथे अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि तेवढाच भाग पुन्हा लिहावा.